वाडीत ५जी आलं का, कधी येणार: स्वतः माग काढायची पद्धत

आमच्या वाडीत फोन वाजला की माणूस हॅलो म्हणायच्या आधी "थांब, सड्यावर जातो" म्हणतो. सडा म्हणजे वरचं उघडं कातळाचं पठार. संगमेश्वर तालुक्यातली खळग्यात बसलेली वाडी, तिन्ही बाजूंनी डोंगर, त्यात घरं चिऱ्याची. मी पुण्याची नोकरी घरून करायला म्हणून गावी आलो आणि पहिली दोन वर्षं एकच प्रश्न सगळ्यांना विचारत फिरलो, ५जी कधी येणार? दुकानदार म्हणाला दिवाळीपर्यंत, कस्टमर केअरवाली म्हणाली "लवकरच सर", सरपंच म्हणाले वरून मंजूर आहे. यातल्या कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना माहीत असायचं कारणही नव्हतं. शेवटी कुठे काय बघायचं ते एकेक करत शिकलो. ते इथे क्रमाने लिहून ठेवतोय, म्हणजे तुमची दोन वर्षं तरी वाचतील.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि एअरटेलच्या पहिल्या ८ शहरांत मुंबई आणि नागपूर होतं. २०२५ च्या सुरुवातीला सरकारी आकडा आला की देशातल्या ९९.६ टक्के जिल्ह्यांत ५जी पोचलंय. आकडा खोटा नाही, पण जिल्ह्यात पोचलं म्हणजे जिल्ह्यात कुठेतरी पोचलं, रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ पूर्ण कांड्या दिसत असतील तर त्याचा माझ्या पडवीला काय उपयोग? त्यामुळे जिल्हा, तालुका, पिनकोड हे सगळं बाजूला ठेवायचं आणि आपल्या घराच्या जागेपुरतं बघायचं.

काय काय लागेल

- ५जी फोन (तुमचा नसेल तर मुंबईहून आलेल्या भाच्याचा चालतो)
- दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं, दुसरं सगळ्यात स्वस्त रिचार्जवालं असलं तरी चालेल
- घराचे अक्षांश-रेखांश, नकाशा ॲपमध्ये घरावर बोट दाबून धरलं की आकडे येतात, ते लिहून ठेवा
- एक वही. हसू नका, सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला
- नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपरसारखं सिग्नल दाखवणारं ॲप आणि एक स्पीडटेस्टचं ॲप

१. आपलं सर्कल कोणतं ते बघा

टेलिकॉमवाल्यांचा नकाशा आपल्या नकाशासारखा नाही. मुंबई हे वेगळं सर्कल, त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण हा पट्टा येतो. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल. त्यामुळे "कंपनीने मुंबईत चालू केलं" ही बातमी चिपळूणवाल्याच्या कामाची नाही. व्होडाफोन आयडियाचं उदाहरण घ्या, त्यांचं ५जी मार्च २०२५ मध्ये मुंबईत आलं, तेव्हा आमच्याकडे लोकांनी उगाच त्यांची सिमं काढली आणि मग महिनाभर ४जी वापरत बसले.

२. आधी स्वतःचा फोन तपासा

हे मी सगळ्यात शेवटी केलं, तुम्ही आधी करा. ५जी एकाच लहरीवर चालत नाही. २०२२ च्या लहरींच्या लिलावात जिओने ३३०० मेगाहर्ट्झसोबत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही घेतला, फोनच्या भाषेत पहिला एन७८ आणि दुसरा एन२८. ७०० वाली लहर लांब जाते आणि भिंतीतून थोडीफार आत शिरते, पण वेग बेताचा. ३३०० वाली सुसाट पण जवळच संपते, डोंगर किंवा चिऱ्याची भिंत मध्ये आली की खेळ खलास. २०२०-२१ मध्ये ५जी म्हणून घेतलेल्या काही फोनांत एकदोनच बँड, म्हणजे असे पट्टे, आहेत. असा फोन घेऊन टॉवरच्या खाली उभं राहिलात तरी काही दिसणार नाही आणि तुम्ही टॉवरला शिव्या घालाल. फोनचं मॉडेल टाकून कंपनीच्या साईटवर बँडची यादी बघा, एन२८ आणि एन७८ दोन्ही हवेत.

मग सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क, तिथे प्रिफर्ड नेटवर्क टाईप ५जी ऑटोवर आहे का बघा. दोन सिमचा फोन असेल तर काही फोनांत ५जी फक्त डेटावाल्या सिमलाच मिळतं, तेही बघा. फोनचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर अपडेट मारा, ५जी आलं तेव्हा आयफोनवाल्यांनाही डिसेंबर २०२२ चं अपडेट येईपर्यंत थांबावं लागलं होतं.

सिम बदलायची गरज सहसा नसते, जिओ-एअरटेलचं ४जी सिम ५जीला चालतं. रिचार्ज मात्र बघा. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हापासून या दोघांचं अनलिमिटेड ५जी रोजच्या २ जीबीच्या आणि त्यावरच्या प्लॅनवर गेलं. प्लॅन बदलत राहतात, रिचार्ज मारायच्या आधी बारीक अक्षरं वाचा.

३. कंपनीचा कव्हरेज नकाशा

पूर्वी कंपन्या नकाशा द्यायच्या तर द्यायच्या. २०२४ च्या नव्या नियमांनंतर ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, ते सक्तीचं केलं. २जी, ३जी, ४जी, ५जी कुठे मिळतं त्याचा नकाशा प्रत्येक कंपनीने आपल्या साईटवर टाकायचा, मुदत १ एप्रिल २०२५ पर्यंतची होती. साईटवर जाऊन कव्हरेज मॅप शोधा, ५जी निवडा, आणि गावाचं नाव न टाकता अक्षांश-रेखांशाने आपल्या घरावर या. गावाचं नाव टाकलं की नकाशा ग्रामपंचायतीवर जाऊन बसतो आणि आमची ग्रामपंचायत वाडीपासून साडेतीन किलोमीटर वर आहे.

हा रंग कॉम्प्युटरच्या हिशेबाने भरलेला असतो, घराबाहेरच्या सिग्नलचा अंदाज म्हणून. नकाशावर रंग आहे म्हणजे अंगणात मिळायची शक्यता आहे, माजघरात मिळेल असं कुणी म्हटलेलं नाही. आणि रंगाच्या कडेला घर असेल तर नाही असंच धरून चाला.

नकाशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट. दर महिन्याच्या १ तारखेला पुन्हा काढा. दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की रंग कुठून कुठे सरकतोय ते कळतं. आमच्याकडे तो हायवेवरून नदीच्या कडेने आत येत होता, त्यावरूनच मला वाटलं की आता पुढचा नंबर बाजारपेठेचा, आणि तसंच झालं.

४. तरंग संचारवर टॉवर शोधा

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दूरसंचार खात्याचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, २०१७ पासून. मुळात टॉवरच्या रेडिएशनची भीती घालवायला काढलेलं, पण आपल्याला दुसऱ्याच कामाचं. नकाशावर तुमच्या भागातले टॉवर दिसतात आणि कोणत्या टॉवरवर कोणत्या कंपनीचं काय चालू आहे तेही कळतं. तपशिलासाठी नाव, मोबाईल, ओटीपी असलं काहीतरी मागतं, ते द्यायला हरकत नाही, सरकारी साईट आहे, फक्त पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघून घ्या.

इथे तीन गोष्टी वहीत उतरवा: घरापासून सगळ्यात जवळचे दोनतीन टॉवर कोणते, त्यांच्यावर ४जी आहे की ५जी पण आहे, आणि सरळ रेषेत अंतर किती. मग गावात जाऊन त्या टॉवरकडे तोंड करून उभे राहा आणि मध्ये काय येतं ते डोळ्यांनी बघा. आमचा सगळ्यात जवळचा टॉवर दीड किलोमीटरवर आहे पण मध्ये डोंगराची सोंड. दुसरा चार किलोमीटरवर, तो सड्यावरून थेट दिसतो. सिग्नल येतो तो या दुसऱ्याचाच, जवळचा नुसता नावाला जवळचा.

माहिती कंपन्यांनीच भरलेली असते त्यामुळे कधी मागेपुढे असते. पोर्टलवर ५जी दिसतंय आणि जागेवर काही नाही असं झालं तर लगेच भांडायला जाऊ नका, एक महिना थांबून परत बघा.

५. स्वतः मोजा, कांड्यांवर जाऊ नका

फोनच्या वरच्या कांड्या म्हणजे फोन कंपनीने ठरवलेली गंमत. एकाच जागी माझ्या फोनवर दोन आणि बायकोच्या फोनवर चार. सिग्नलच्या ताकदीचा खरा आकडा आरएसआरपी नावाचा असतो, डीबीएम या मापात, नेहमी उणे. बऱ्याच अँड्रॉईड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की माहितीचं पान उघडतं, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचं बटण दाबायचं. काही फोनांत हे बंद असतं, मग ॲप वापरा.

आकडा असा वाचायचा. उणे ८० च्या आसपास म्हणजे झकास. उणे ९५ पर्यंत काम आरामात होतं. उणे १०५ ला व्हिडिओ कॉल मध्येमध्ये अडकतो. उणे ११५ च्या पुढे गेलं की नाव ५जी आणि चाल बैलगाडीची. आणि हे लक्षात ठेवा की हा आकडा साधा नाही, १० चा फरक म्हणजे ताकदीत १० पटींचा फरक. पडवीत उणे ९८ आणि आतल्या खोलीत उणे ११८ म्हणजे भिंतींनी शंभरातले नव्याण्णव भाग खाल्ले.

आता मोठा सापळा, ५जीचं चिन्ह. जिओने सुरुवातीपासून स्टँडअलोन पद्धत घेतली, म्हणजे ५जीचं सगळं वेगळं. एअरटेलने सुरुवात नॉन-स्टँडअलोनने केली, त्यात फोन आधी ४जीला धरतो आणि त्याच्या आधाराने ५जी घेतो. या दुसऱ्या प्रकारात होतं काय की आधाराचा ४जी टॉवर "माझ्याकडे ५जीची सोय आहे" असं सांगतो तेवढ्यावरच काही फोन वरती ५जी लिहून मोकळे होतात, डेटा सगळा ४जीतूनच. आमच्या शेजारच्या काकांनी याच चिन्हाचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकून "आलं आलं" केलं, दुसऱ्या दिवशी तिघांनी नवे फोन बुक केले. ॲपमध्ये एनआर (हे ५जीचंच तांत्रिक नाव) असं लिहिलेलं आणि त्याच्यापुढे बँड दिसला, एन७८ किंवा एन२८ किंवा दुसरा कुठलाही, तरच ते खरं ५जी.

स्पीडटेस्ट जपून करा. ३०० एमबीपीएसचा वेग मिळाला आणि टेस्ट १५ सेकंद चालली तर साधारण ५६० एमबी गेले, एका टेस्टमध्ये. रोजचा दीड जीबी असलेल्या माणसाने तीन टेस्ट मारल्या की संध्याकाळी घरातले सगळे त्याच्याकडे बघतात. अनुभव आहे.

६. वही कशी लिहायची

तीन जागा ठरवा. माझ्या सडा, पडवी, आतली खोली. तीन वेळा ठरवा, सकाळी ७, दुपारी २, रात्री ९. रोज नको, आठवड्यातून दोन दिवस पुरे. प्रत्येक वेळी कंपनी, ४जी की एनआर, बँड, आरएसआरपी, वेग, आणि शेजारी पाऊस किंवा लाईट गेलेली असली तर तेही. चार आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं.

लाईटचं का लिहायचं ते सांगतो. जून-जुलैत आमच्याकडे लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि दोनअडीच तासांत बॅटरीही राम म्हणते. मला आधी वाटायचं रात्री नेटवर्कच खराब असतं, वहीत बघितलं तर प्रत्येक खराब रात्रीपुढे "लाईट नाही" लिहिलेलं होतं. म्हणजे तक्रार सिग्नलची नव्हतीच, टॉवरच्या बॅटरीची आणि जनरेटरची होती. तक्रार करताना हा फरक सांगितला की समोरचा माणूस जरा सरळ बसतो.

आणि गणपतीच्या दिवसांतली मोजणी धरू नका. चाकरमानी आले की वाडीतले फोन चौपट होतात, सिग्नलचा आकडा तोच राहतो पण वेग पार झोपतो. आकडा चांगला आणि वेग खराब म्हणजे गर्दी. आकडाच खराब म्हणजे अंतर किंवा अडथळा. दोन्हीवर उपाय वेगळे.

७. जमिनीवरच्या खुणा

टॉवरकडे अधूनमधून मान वर करून बघत जा. जुने ४जीचे अँटेना उंच अरुंद पट्ट्यांसारखे असतात, त्यांच्या शेजारी नवीन, बुटके, जाडसर चौकोनी डबे चढले की बहुतेक वेळा ते ३३०० वालं ५जी. रस्त्याच्या कडेने चर खणून केशरी-निळ्या नळ्या पुरत असतील तर फायबर चाललंय. फायबर टॉवरपर्यंत पोचणं महत्त्वाचं, नाहीतर डबा चढूनही मागचा पाईप बारीकच राहतो. खणणाऱ्या मुकादमाला चहा पाजा आणि विचारा कुठपर्यंत जायचंय, मला मिळालेली सगळ्यात खरी माहिती त्याच्याकडून मिळाली.

ग्रामपंचायतीत नवीन टॉवरसाठी अर्ज आलाय का तेही विचारा. केंद्राच्या परवानगीच्या नियमांत १ जानेवारी २०२५ पासून बदल झालेत, बरेच अर्ज ऑनलाईन जातात, तरी ग्रामसेवकाला गावात कोण जागा बघून गेलं ते सहसा माहीत असतं.

८. ४जी सुद्धा नसेल तर

मग ५जीचं नंतर. ४जी न पोचलेल्या गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, २४,६८० गावं, काम बीएसएनएलकडे. बीएसएनएलचं देशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला औपचारिकपणे सुरू झालं. तुमचं गाव या योजनेत आहे का ते विचारायला माहिती अधिकार वापरता येतो, बीएसएनएल सरकारी आहे, अर्ज ऑनलाईन, फी १० रुपये. प्रश्न लहान आणि सुटे लिहा: आमच्या गावासाठी टॉवर मंजूर आहे का, जागा ठरली का, वीजजोडणी झाली का, काम कोणत्या टप्प्यावर आहे. "नेटवर्क का नाही" असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, तो प्रश्न झाला, माहिती नाही. खाजगी कंपन्यांना थेट हा अर्ज चालत नाही.

९. तक्रार, ओळीने

आधी कंपनीच्या ॲपमधून किंवा कस्टमर केअरला, आणि तक्रारीचा नंबर घ्या. नंबर मिळाला नाही तर तक्रार झालीच नाही असं समजा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे, त्याला पैसे पडत नाहीत आणि निकालाला ३९ दिवसांची मुदत आहे. तिथेही काही नाही तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, दूरसंचार खातं निवडून. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवू नका, ते एकेकट्याची तक्रार सोडवत नाहीत, मी पाठवून बघितली आहे.

सोबत काय जोडायचं:

- अक्षांश-रेखांश
- वहीच्या पानांचे फोटो
- कव्हरेज नकाशाचा तारखेचा स्क्रीनशॉट
- वाडीतल्या लोकांच्या सह्यांचं पत्र, आणि जमलं तर ग्रामसभेच्या ठरावाची प्रत
- जागा द्यायला कुणी तयार असेल तर सातबारा

माझी पहिली तक्रार "आपल्या भागात नेटवर्क उत्तम आहे" म्हणून बंद झाली. दुसरी मी कंपनीच्याच नकाशाचा स्क्रीनशॉट आणि वहीची चार पानं लावून केली, तेव्हा एक इंजिनिअर फोन करून आला, सड्यावर चढला, घामाघूम झाला, आणि अँटेनाचा कोन थोडा खाली करून घेतो म्हणाला. तीन आठवड्यांनी पडवीतला आकडा ६ ने सुधारला. नवीन टॉवर वगैरे काही नाही, नुसता कोन.

१०. फसू नका

"तुमच्या जागेत ५जी टॉवर लावा, महिना इतकं भाडं, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" हा फोन येतोच. ट्राय किंवा दूरसंचार खातं टॉवरच्या जागेसाठी ना पत्र देतं ना पैसे घेतं. टॉवरवाले भाडं देतात, मागत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांचे असेच गेले, लेटरहेडवर अशोकस्तंभ होता म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.

दुसरा फोन "तुमचं सिम ५जी करतो, ओटीपी सांगा" म्हणणारा. ठेवून द्या.

आणि पोर्ट करायची घाई. एकदा नंबर पोर्ट केला की ९० दिवस तिथेच राहावं लागतं. आधी त्या कंपनीचं साधं प्रीपेड सिम घेऊन दोन आठवडे वहीत मोजा, मग १९०० ला मेसेज पाठवा.

माझ्या वहीतली शेवटची नोंद देतो. सडा उणे ८७, पडवी उणे १०२, आतली खोली ४जी. म्हणून एक जुना ५जी फोन पडवीच्या वाशाला टॉवरच्या बाजूला टांगलाय, चार्जरला लावून, हॉटस्पॉट चालू करून, आणि ऑफिसचं काम आतल्या खोलीत बसून चालतं. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकचा डबा उपडा घाला पण खालून हवा राहू द्या, पहिल्या वर्षी मी पिशवीत गुंडाळला होता आणि बॅटरी फुगली.